गडूची जागा

आमच्या गाडीतल्या ओट्याला डाव्या हाताला एक गोल खाच आहे. बाकीच्या सगळ्या खाचांत काही ना काही बसतं. कुकर बसतो, तवा बसतो, मिसळणाचा डबा, गाळणी, सांडशी, अगदी किसणीसुद्धा. या एका खाचेत मात्र काही ठेवायचं नाही, असं मिस्तरींनी बजावलं होतं. मी अर्थातच ठेवलं. मी कंप्युटरवर पोट भरणारा माणूस, रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. एकदा मी तिथे स्टीलची पाण्याची बाटली ठेवली. ताम्हिणी घाट उतरून चहाला थांबलो, तेव्हा बाटली खाली पायपुसण्यावर होती. आडवी पडलेली नाही, नीट उभी. पडल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, प्राजक्तानंही ऐकला नव्हता, आणि तिला तर वरच्या मजल्यावरचा मिक्सर झोपेतसुद्धा ऐकू येतो.

मिस्तरींचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मुळशी सोडून ताम्हिणीकडे निघालं की धरणाच्या पाण्यालगत त्यांची पत्र्याची शेड होती. उभा जन्म सरकारी बसच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम केलेलं. निवृत्त झाल्यावर गावी परतले, आणि हल्ली लोकांना घर अंगावर घेऊन हिंडायची जी हौस आली आहे, तिच्यामुळे त्यांना नवं काम मिळालं. लोक जुनी मिनीबस घेतात, तिच्यात पलंग टाकतात, छपरावर सोलर बसवतात आणि स्वयंपाकघरापाशी येऊन अडतात. चार फूट ओटा, एक बेसिन, दोन शेगड्या. तेवढ्यात अख्खा संसार बसवायचा, आणि वर रस्ते आपले. अशा वेळी कुणीतरी सांगतं, मिस्तरींकडे जा.

अंगानं काटकुळे, नोकरीतलाच खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. बोलताना मान एका खांद्याकडे कललेली असायची. समोरचा काय म्हणतोय यापेक्षा त्याच्या मागून काय ऐकू येतंय, याकडे त्यांचं लक्ष. मध्येच हात वर करून "थांबा" म्हणायचे. आपण थांबायचो. ते ऐकायचे. मग "हां, बोला" म्हणून कामाला लागायचे. काय ऐकलं, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

त्यांची सगळी विद्या एका वाक्यात मावत होती. गाडी चालताना भांड्यानं बोलायचं न्हाई. जड भांडं खाली आणि चाकाच्या पुढे, चाकाच्या डोक्यावर कधी नाही. पळ्या-उलथनी टांगायची नाहीत, निजवायची. एकात एक भांडी घालायची तर मध्ये जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. नवं कापड चालत नाही, ते सरकतं. झाकण भांड्याबरोबर नाही, वेगळं, उभं. आणि प्रत्येक वस्तूची खाच तिच्याच मापाची, बोटभरसुद्धा सैल नाही. टेप त्यांच्याकडे होती, पण ती खिळ्याला टांगलेली. माप घ्यायचे वितीनं.

आमची मिनीबस शाळेची होती. आतली बाकं काढल्यावरही तिच्यात खडूचा वास यायचा. मी परभणीकडचा, प्राजक्ता नाशिकची, राहणार बावधनच्या नवव्या मजल्यावर. लॉकडाऊनमध्ये दोन वर्षं त्याच चार भिंती बघून आम्ही ठरवलं होतं की आता हिंडायचं. मिस्तरींना फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की भांडी सगळी आणा, जी गाडीत राहणार ती, आणि जशी हायेत तशी आणा. घासूपुसू नका.

इथे आम्ही माती खाल्ली. प्राजक्तानं गाडीसाठी म्हणून जुन्या बाजारातून सहा नग आणले होते. तांब्याचा एक गडू, पितळी पातेलं, डबा, पळी आणि दोन वाट्या. फोटोत छान दिसतात म्हणून. त्या सगळ्यांवर नावं होती, टिंबाटिंबांनी ठोकलेली, जशी आपल्याकडे प्रत्येक घरच्या भांड्यावर असतात. लग्नकार्यात भांडी चार घरांत फिरतात, नाव असलं की आपापल्या घरी परत येतात. आता ही नावं कुणाची, हे आम्हाला काय ठाऊक. पण गाडीत पाहुणे येणार, चहा पिता पिता भांडं उलटं करून बघणार, आणि विचारणार की ह्या कोण बाई. चोरीचा माल वाटेल, असं मला वाटलं. म्हणून मी ते सहा नग पॉलिशवाल्याकडे नेले आणि सांगितलं, नावं घालवून टाका. त्यानं मशीनवर धरली. संध्याकाळी आरशासारखी चकचकीत भांडी घेऊन आलो. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

मिस्तरींनी ताडपत्री अंथरली आणि आमची भांडी एकेक करून त्यावर मांडायला लावली. मग मांडी घालून बसले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक हिरवी काचेची बांगडी काढली. प्रत्येक भांडं उचलायचं, बूड बघायचं, कडेला बांगडी हलकेच टेकवायची, ऐकायचं, खाली ठेवायचं. प्राजक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. कुकर झाला, तवा झाला, चहाचं पातेलं झालं. चकचकीत सहा नगांपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. गडू उचलला. अंगठा त्याच्या गळ्याखाली फिरवला, पुन्हा फिरवला.

"ह्यावर नावं हुती."

"होती. घालवली," मी म्हणालो. थोडं अभिमानानंच.

मिस्तरी उठून बाहेर गेले आणि भुरभुर पावसात, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. आम्ही ताडपत्रीशेजारी चुळबुळत बसलो. परत आले ते खडू घेऊन, आणि कामाला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांनी आम्हाला चहा विचारला नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी शेडच्या कोब्यावर खडूनं आमचं स्वयंपाकघर काढलं होतं, गाडीत जेवढं तेवढंच. प्राजक्ताला त्यात उभं केलं आणि डोळे मिटून चहा करायला सांगितलं. भांडं नाही, शेगडी नाही, नुसता हवेत. ती हसायला लागली. मिस्तरी हसले नाहीत. मग तिनं डोळे मिटले, हात लांब करून पातेलं घेतलं, पाणी भरलं, साखरेला वळली. जिथे जिथे तिचा हात गेला, तिथे मिस्तरी फुली मारत होते. हीच त्यांची पद्धत होती. वस्तू ठेवायची ती सोयीच्या जागी नाही, हात जिथे आपोआप जातो तिथे. मला ते फार पटलं, आमच्या धंद्यातही लोकांना हे शिकवावं लागतं.

माझी पाळी आली. मी डोळे मिटून चहा गाळत होतो, तेवढ्यात मिस्तरी हळूच म्हणाले, "सायेब, जरा फुडं सरका. मागून येऊ द्या त्यांना."

मी पुढे सरकलो. प्राजक्ता मागून जातेय, असं मला वाटलं. माझ्या पाठीला कापड घासून गेल्यासारखं झालं, तेही मला नीट आठवतं. डोळे उघडले, तर प्राजक्ता समोर, शेडच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता. मिस्तरी खाली बसून बेसिनच्या डाव्या हाताला एक गोल काढत होते.

त्या गोलाबद्दल आम्हाला टपरीवरच्या मावशींनी सांगितलं. शेडसमोरच त्यांची चहाची टपरी होती, आणि मिस्तरींना त्या लहानपणापासून ओळखत होत्या. मिस्तरींची बायको इंदू. तिला घशाचा आजार झाला आणि शेवटचे सहा महिने तिचा आवाज पार गेला. तेव्हा तिच्या उशाशी पाण्याचा गडू असायचा, तिच्या माहेरून आलेला, तांब्याचा, तिचं नाव घातलेला. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की ती हातातली बांगडी गडूवर वाजवायची. दोनदा. टण, टण. मिस्तरी असतील तिथून यायचे. ती गेली. घरातल्या मांडणीवर तिची भांडी होती. रस्त्यानं डंपर गेला की सगळी मांडणी किणकिणायची, आणि मिस्तरी दचकून उठायचे. सारखं उठायचे. एक दिवस भंगारवाला आला, आणि त्यांनी मांडणीसकट सगळं त्याच्या टेंपोत भरलं. गडूसुद्धा.

"चार दिवस गप्प झोपला," मावशी म्हणाल्या. "पाचव्या दिवशी कळलं त्याला, काय करून बसला त्ये. भंगारवाल्याच्या मागं पार पौडापर्यंत गेला. पर माल कवाच फुडं गेला हुता."

तेव्हापासून ते गडू शोधत होते. भांडी जशी आहेत तशी आणा, ही अट त्याचसाठी होती. जुन्या वस्तूंची हौस असलेले आमच्यासारखे लोकच बाजारातून असले गडू आणणार, आणि तेच गाड्या घेऊन मिस्तरींकडे येणार. घरात तिचं एकच राहिलं होतं, एका डब्याचं झाकण. ते शेडच्या भिंतीला खिळ्यानं ठोकलेलं होतं. सौ. इंदू. मी ते दोनदा पाहिलं होतं, आणि मला वाटलं होतं की भोक बुजवायला ठोकलं असेल.

आणि म्हणून प्रत्येक गाडीत ती खाच. त्यांनी केलेल्या प्रत्येक गाडीत, बेसिनच्या डाव्या हाताला, त्याच मापाची. गाड्यावाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी विचारलं. सगळ्यांकडे होती. कुणी त्यात हात धुवायची बाटली ठेवली होती, कुणी मोबाइल, एकानं तुळशीची कुंडी. कुणाचंही तिथे राहिलं नव्हतं. कुंडीवाल्यानं फोटो टाकला होता. कुंडी दाराच्या पायरीवर उभी, एक कण माती सांडलेली नाही. त्याखाली लोकांनी हसण्याची चित्रं टाकली होती, मग हळूहळू कुणी काही टाकेनासं झालं. मी तिथे शहाणपणानं लिहिलं की खाचेचं बूड गोलाकार आहे, गडूच्या पोटासाठी कोरलेलं, त्यात सपाट बुडाची वस्तू टिकणारच नाही. हे खरंच आहे. खाली पडून ती वस्तू उभी कशी राहते, ते मी लिहिलं नाही.

मावशींची टपरी सोडून गाडीत बसलो, तर प्राजक्ता रडत होती. तिला जे सुचलं होतं तेच मला सुचलं होतं. आमचा गडू तांब्याचा होता. जुन्या बाजारातला होता. आणि त्याच्यावरचं नाव मी घालवलं होतं, न वाचता.

ओटा पूर्ण झाला, त्या दिवशी मिस्तरींनी सगळी भांडी आपल्या हातानं लावली. सर्वांत शेवटी त्यांनी तो गडू उचलला आणि डावीकडच्या खाचेत ठेवला. घट्ट बसला. मी मनात म्हटलं, एका मापाचे गडू हजारांनी निघतात, त्यात काय. पण त्यांचा हात गडूवरून निघत नव्हता.

मग चाचणी. हे त्यांचं ठरलेलं होतं. गाडीचा मालक गाडी चालवणार, आणि मिस्तरी मागे ओट्याला पाठ लावून, डोळे मिटून जमिनीवर बसणार. घाटात जाऊन यायचं. एक जरी भांडं बोललं, तर घरी आणून ती खाच पुन्हा करायची. भर दुपारी बारा वाजता ताम्हिणीत दिवे लावावे लागत होते, इतकं धुकं. पाऊस नव्हता, पण काच सारखी ओली होत होती. मी वीसच्या वर जात नव्हतो. खड्डे आले, गतिरोधक आले, एका वळणावर मागचं चाक दगडावरून उतरलं. मागे एक चमचा हलला नाही. इतकी शांतता होती की मला इंजिनाचाच राग आला.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे सपाट रस्ता लागला. तिथे वाजलं. टण, टण, टण. काच धातूवर टेकावी तसं. सावकाश, अंतर ठेवून, कुणाला घाई नसल्यासारखं.

मी ब्रेक मारला. मागे वळून पाहिलं. मिस्तरींचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते, आणि बांगडीचा रुमाल, गाठ मारलेला, त्यांच्या समोर जमिनीवर पडलेला. गडू खाचेत होता. त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते माझ्याकडे पाहत होते. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत काहीच पाहिलं नव्हतं, आणि आता इतकं होतं की मला बघवेना.

"सायेब," ते म्हणाले, "ह्याच्यावर काय नाव हुतं? आठवून सांगा."

मला आठवत नव्हतं. आठवायला मी ते वाचलंच नव्हतं. पण नाव घालवणारा मी होतो, आणि ते इतक्या वर्षांचं शोधणं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. मी म्हणालो, "इंदू. सौ. इंदू होतं."

प्राजक्तानं माझा दंड घट्ट धरला. मिस्तरींनी मान हलवली. शेडपाशी उतरताना त्यांनी गडू खाचेतून काढला, शर्टाच्या आत धरला, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर मिस्तरी बदलले. पुढच्या महिन्यात गेलो तर दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. गडू खाटेच्या उशाशी, पाण्यानं भरलेला. मावशी सांगत होत्या की रोज उजाडताना तो उठून घागरीतलं ताजं पाणी त्यात भरतो, शिळं तुळशीला घालतो, आणि मगच चहाला येतो. कसा उठतोस, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाला, बोलावती. एवढंच. मला बरं वाटलं. खोटं बोलून कुणाचं तरी भलं केल्याचं समाधान फार गोड असतं, मी ते पुरेपूर चाखलं.

पण मग ग्रुपमध्ये एकानं त्याच्या नव्या गाडीचे फोटो टाकले. ओटा मिस्तरींचाच, खाचा तशाच. डावीकडे मात्र सलग फळी होती. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, कसली खाच? आणि भांडी न्यायला सांगितली नव्हती का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही, नुसती मापं पाठवा म्हणाले. माझ्या त्या एका शब्दानं मिस्तरींचं शोधणं थांबलं होतं. आमचा गडू तिचा नसेल, तर तिचा उद्या कुणाच्यातरी गाडीतून त्यांच्या दारावरून निघून जाणार होता, आणि ते मान वर करून बघणारसुद्धा नव्हते.

मी दोन महिने काही केलं नाही. स्वतःला समजावत राहिलो की आमचा गडू तिचाच असू शकतो, कुणी सांगावं. मग एका सकाळी प्राजक्ताच्या फोननं आपणहून जुने फोटो वर काढले. मागल्या वर्षी याच दिवशी, म्हणून. पॉलिश करण्याआधीचे फोटो होते. तिनं पॉलिशच्या आधीचे आणि नंतरचे असे जोडीनं काढले होते आणि विसरून गेली होती. गडू जवळून टिपलेला होता. तिनं फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. टिंबाटिंबांनी, जरा वाकडं, पण स्वच्छ वाचता येत होतं. सौ. वत्सला.

त्याच दिवशी निघालो. वाटेत प्राजक्ता दोनदा म्हणाली, नको सांगूया. मीही दोनदा गाडी हळू केली. आमच्या गाडीतली डावीकडची खाच रिकामीच होती.

मिस्तरी फळी रंधत होते. मी सगळं सांगितलं, एका दमात. नाव वाचलं नव्हतं, घाटात खोटं बोललो, हा फोटो बघा. त्यांनी फोन हातात घेतला नाही. रंधा बाजूला ठेवला, भुसा झाडला आणि म्हणाले, "मला म्हाईत हाय."

कधीपासून, असं मी विचारलं.

"घाटातच कळलं. इंदा दोनदा वाजवायची. ही तीनदा वाजवती."

मला राग आला. खरं तर स्वतःचाच आला असणार, पण मी त्यांच्यावर काढला. मग शोधायचं का थांबवलंत, गाड्यांतल्या खाचा का बंद केल्यात, मी इकडे दोन महिने झोपलो नाही, असं काय काय बोललो. त्यांनी बोलू दिलं.

"सापडली आसती तर काय केलं आसतं, सायेब? उशाशी ठिवली आसती. वाजली की उठलो आसतो. तेच करतुय की." ते गडूकडे बघत होते. "कुनाची तरी बाई हाय. तहान लागल्याबिगर कोन वाजवतंय? तिचा मानूस कुटं हाय, कुनाला ठावं. म्हून मी उठतुया."

नाव काय म्हणालात, असं त्यांनी विचारलं. वत्सला, मी सांगितलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. मग गडू रिकामा केला, त्याच्या आत लाकडाचा एक गोळा बसवला, मला खाली बसवलं आणि माझ्या हातात खिळा आणि लहान हातोडी दिली. तुम्ही घालवलं, तुम्हीच घाला, म्हणाले. प्राजक्तानं फोन समोर धरला. मी एकेक टिंब ठोकत गेलो. माझं अक्षर कागदावरही वाईट, इथे तर विचारूच नका. 'त्स' करता करता घाम फुटला. मिस्तरी शेजारी बसून गडू धरून होते, दर ठोक्याला त्याचं अंग शहारावं तसं ते शहारत होते. अर्धं नाव झालं तेव्हा ते बोलले, माझ्याशी की गडूशी, ते कळलं नाही.

"इंदाबी आसंल कुनाच्या तरी घरात. वाजवत आसंल. तितं कुनीतरी उठावं, म्हून मी हितं उठतुया."

दिवाळीनंतर मावशींचा फोन आला. मिस्तरी सकाळी चहाला आले नाहीत म्हणून त्या बघायला गेल्या होत्या. खाटेवर उठून बसलेले होते, पाय जमिनीवर, हात गडूकडे. गडू रिकामा होता, भरायला उठले असावेत. शेड त्यांच्या पुतणीनं बंद केली, सामान कुणीकुणी नेलं. गडू मात्र मावशींनी आमच्यासाठी मागून घेतला. आम्ही तो आधी गाडीतल्या खाचेत ठेवला, तिथे तो हलला नाही. पण गाडी खाली पार्किंगमध्ये उभी असते, आणि आम्ही नवव्या मजल्यावर. वाजला तर ऐकू कसं येणार, असं मीच म्हणालो, आणि वर आणला.

आता तो माझ्या उशाशी असतो. रोज उजाडायच्या सुमाराला वाजतो. प्राजक्ता पहिल्यांदा लिफ्टचा आवाज म्हणाली, आता काही म्हणत नाही. तीनदा वाजतो, मी उठतो, पाणी बदलतो, शिळं बाल्कनीतल्या कुंडीला घालतो. भीती वाटायची, ती गेली. उलट एखाद्या दिवशी उशीर झाला तर मीच जागा होऊन वाट बघतो.

परवा सकाळी मात्र दोनदाच वाजला. टण, टण. मी तिसऱ्याची वाट बघत पडून राहिलो. तिसरा आला नाही. दोनदा कोण वाजवायचं, ते मला माहीत आहे. मी उठलो, गडू भरला, स्वयंपाकघरात जाऊन आणखी एक पेला आणला, आणि तोही भरून शेजारी ठेवला.